इतिहासातल्या माणसाचं आजारपण कसं तपासावं

गणिती श्रीनिवास रामानुजन 26 एप्रिल 1920 रोजी मद्रासच्या चेतपेट भागात वारले, तेव्हा ते 32 वर्षांचे होते. शेवटची तीन वर्षं ते आजारीच होते. त्या काळात डॉक्टरांनी आधी जठरव्रण सांगितला, मग क्षय. मधेच एका तज्ज्ञाने यकृताच्या कर्करोगाची शंका काढली आणि शेवटी सगळे पुन्हा क्षयावर आले. 1994 साली डी. ए. बी. यंग यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ते सगळे कागद पुन्हा तपासले आणि वेगळंच निदान मांडलं: आमांशाचा अमीबा आतड्यातून यकृतात जाऊन तिथे झालेलं गळू. हे खरं असेल तर मन विषण्ण होतं, कारण या रोगावर तेव्हा औषध होतं. लिओनार्ड रॉजर्स यांनी 1912 मध्ये कलकत्त्यात एमेटीनच्या इंजेक्शनांनी अमीबाच्या रोगाचे रुग्ण बरे केले होते.

पण हे खरं आहे का, हे ठरवायचं कसं? रोगी समोर नाही, त्याची नाडी बघता येत नाही, त्याला एक प्रश्नही विचारता येत नाही. तरी असं निदान नीट करता येतं. त्याची रीत पुढे देतो आहे. उदाहरणादाखल मुख्यतः रामानुजन यांचंच प्रकरण घेतलं आहे, कारण त्यात प्रत्येक पायरीला काहीतरी हाती लागतं.

साहित्य

एक मोठ्या पानांची वही. त्या माणसाची पत्रं आणि त्याच्याविषयीची समकालीन पत्रं, शक्य तर मूळ भाषेत, चरित्रं नंतर. त्या काळातलं वैद्यकाचं एखादं पाठ्यपुस्तक आणि आजचं एक. मूळ कागद मोडीत किंवा फारसीत असतील तर ते वाचणारा माणूस. आणि एक अनुभवी जनरल फिजिशियन. तुम्हाला ज्या रोगाचा संशय आहे त्याच रोगाचा तज्ज्ञ मुद्दाम घेऊ नये, याचं कारण पुढे येईल.

पहिली पायरी: प्रश्न लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न एका वाक्यात लिहावा. ‘त्यांना काय झालं होतं?’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. माणसाला आयुष्यात पाच-सहा आजार होतात आणि ते एकमेकांत मिसळलेले असतात. रामानुजन यांच्याबाबतीत माझा प्रश्न असा: 1917 च्या वसंत ऋतूपासून मृत्यूपर्यंत येत राहिलेला ताप आणि झालेली झीज यांना एकच कारण पुरेसं आहे का, आणि असेल तर कोणतं?

‘आजारामुळे त्यांच्या कामावर किंवा निर्णयांवर काय परिणाम झाला?’ हा प्रश्न सगळ्यांना खुणावतो. तो आधी घेऊ नये. रोगच ठरला नसेल तर त्याचा परिणाम कसा ठरवणार?

दुसरी पायरी: जन्मापासून कालरेषा

पानावर पाच रकाने आखावेत: तारीख, ठिकाण, तक्रार, ती कोणी सांगितली, आणि ते कधी लिहिलं गेलं. सुरुवात शेवटच्या आजारापासून न करता बालपणापासून करावी. बहुतेक जण इथेच घाई करतात.

रामानुजन यांची रेषा अशी उतरते. 1889 मध्ये, दोन वर्षांचे असताना, देवी. 1906 मध्ये मद्रासला कॉलेजात असताना जोरदार आमांश, त्यापायी काही महिने शिक्षण बंद. 1910 च्या सुरुवातीला अंडवृद्धीची शस्त्रक्रिया. घरात पैसे नव्हते, ती एका डॉक्टरांनी फुकट केली. मार्च 1914 मध्ये इंग्लंडला प्रयाण. 1917 च्या वसंतात केंब्रिजमध्ये आजार सुरू. त्यानंतर नर्सिंग होम, सॉमरसेटमधलं मेंडिप हिल्सचं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम, डर्बीशरमधलं मॅटलॉक, लंडन आणि पटनी. 1918 च्या सुरुवातीला लंडनमध्ये आगगाडीखाली जीव देण्याचा प्रयत्न. त्याच वर्षी मे महिन्यात रॉयल सोसायटीचं सदस्यत्व. फेब्रुवारी 1919 मध्ये परतीचा प्रवास, मार्चमध्ये मुंबई. पुढचं वर्ष मद्रास प्रांतात, आणि अखेर.

ही रेषा समोर ठेवली की 1906 चा आमांश डोळ्यांत भरतो. शेवटच्या तीन वर्षांचंच टिपण केलं असतं तर तो हाती लागला नसता. लंडनच्या डॉक्टरांचंही काहीसं असंच झालं. रामानुजन यांच्यावर पूर्वी एक शस्त्रक्रिया झाली होती, हे आधीच्या डॉक्टरांना माहीतच नव्हतं. बॅटी शॉ नावाच्या तज्ज्ञाने ते शोधून काढलं, असं रामानुजन यांचे केंब्रिजमधले सहकारी गणिती हार्डी यांच्या पत्रावरून कळतं. दीड-दोन वर्षं माणूस रुग्णालयात आहे आणि त्याचा पूर्ववृत्तांत कोणी नीट विचारलेला नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, मुळात अबोल असलेला रोगी. ही गोष्ट मला रोगाच्या नावापेक्षाही जास्त अस्वस्थ करते.

जिथे माहिती नाही तिथे रकाना कोरा ठेवावा. तो अंदाजाने भरला की पुढची सगळी पानं त्या अंदाजावर उभी राहतात.

तिसरी पायरी: साक्षीदार पारखून घ्या

प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं का, किती काळाने लिहिलं, आणि तसं लिहिण्यात त्याचा काही हेतू होता का.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या अखेरच्या आजाराचं उदाहरण घ्या. महाराज 3 एप्रिल 1680 रोजी रायगडावर गेले. कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या दरबारातले, पण त्यांनी बखर लिहिली ती पुढे, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला. तिच्यात ज्वराचा उल्लेख येतो. मुंबईच्या इंग्रजांचं पत्र त्याच एप्रिल महिन्यातलं. त्यात रक्ताची हगवण आणि 12 दिवसांचं आजारपण लिहिलं आहे, पण ‘असं म्हणतात’ या आधारावर. एक साक्ष जवळच्या माणसाची पण उशिराची, दुसरी ताजी पण ऐकीव. दोन्ही ठेवाव्या लागतात आणि दोन्ही तोलून ठेवाव्या लागतात. ज्वर आणि रक्ताची हगवण एकाच आजारात असू शकतात, तेव्हा त्या साक्षी परस्परविरोधी मानण्याचं कारण नाही. विषप्रयोगाची कुजबुज मात्र वेगळ्या पानावर लिहावी. मोठा माणूस अकाली गेला की ती जगात सगळीकडे उठते, म्हणून तिला वेगळा आणि भक्कम पुरावा लागतो.

वैऱ्याने केलेलं वर्णनही फेकून देऊ नये. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड कुबडा असल्याचं त्याचा पाडाव करणाऱ्या घराण्याच्या काळात रंगवलं गेलं. शेक्सपिअरच्या नाटकाने ते पक्कं केलं. 2012 मध्ये लेस्टरला त्याचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला होता, कुबड मात्र नव्हतं. म्हणजे निंदेच्या मुळाशी एक खरं निरीक्षण होतं आणि त्यावर बरीच भर घातली होती.

नातेवाइकांच्या आठवणी जपून वापराव्यात. पत्नी जानकी अम्माळ यांनी रामानुजन यांच्या शेवटच्या महिन्यांविषयी सांगितलं ते कित्येक दशकांनंतर. दुखायला लागलं की त्या गरम पाण्याने त्यांना शेकत असत. वेदना तीव्र होत्या, हे यावरून नक्की कळतं. पण त्या नेमक्या पोटाच्या कोणत्या बाजूला होत्या, हे अशा आठवणीतून ठरवू नये, आणि निदानाला नेमकं तेच हवं असतं.

चौथी पायरी: निदान बाजूला, लक्षण आत

आता सगळ्या नोंदी पुन्हा वाचाव्यात आणि प्रत्येक रोगाच्या नावावर पेन्सिलीने रेघ मारावी. उरावं ते फक्त दिसलेलं आणि जाणवलेलं: ताप, तो कोणत्या वेळी, किती दिवस, वजन, वेदना, खोकला, भूक, झोप.

थोरले माधवराव पेशवे 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला वारले, वय अवघं 27. राजयक्ष्म्याने गेले, असं आपण शाळेपासून वाचतो, आणि दीर्घकाळ खंगत जाण्याचं वर्णन क्षयाला शोभतंही. पण क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो 1882 मध्ये. त्याआधी हे नाव रोगाच्या रूपावरून दिलं जाई आणि त्या रूपात इतरही खंगवणारे आजार मावत. म्हणून माधवरावांच्या बाबतीत ‘क्षय, बहुधा’ असं लिहावं; ‘क्षय’ एवढंच लिहू नये.

1917 मध्ये मात्र थुंकीतला जंतू पाहता येत होता, क्ष-किरणही होते. त्यामुळे रामानुजन यांच्या कागदांत क्षयाचं नाव आहे एवढ्याने समाधान मानू नये, आधार काय तो शोधावा. शोधलं की दिसतं ते रात्री चढणारा ताप, घटत गेलेलं वजन, दुखणं. छातीच्या क्षयाचा खोकला आणि थुंकी कागदांत ठळकपणे येतच नाहीत. हार्डी यांच्याही लिहिण्यात क्षय हा तात्पुरता मान्य केलेला तर्क आहे. जठरव्रणाची कल्पना सोडल्यावर दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून तो मान्य केलेला. ताप आणि झीज दिसली की क्षय, असं त्या काळच्या डॉक्टरांच्या मनात आपोआप येई. त्यात त्यांचा दोष काढू नये, पण त्यांचा शब्द पुरावा म्हणूनही घेऊ नये.

पाचवी पायरी: औषध आणि अन्न

रोग्याने काय खाल्लं आणि त्याला काय पाजलं, याची वेगळी यादी करावी. ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज 1788 पासून अनेकदा भ्रमिष्ट झाला. 1966 मध्ये आयडा मॅकॅल्पिन आणि रिचर्ड हंटर या मायलेकांनी त्याला पॉर्फिरिया हा आनुवंशिक विकार असल्याचं मांडलं. लघवीच्या बदललेल्या रंगाचा त्यात मोठा आधार होता. ते निदान पाठ्यपुस्तकांत गेलं, नाटक-सिनेमांत गेलं. पुढच्या अभ्यासकांनी मूळ नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा दिसलं की पटतील ती लक्षणं उचलली गेली होती आणि न पटणारी मागे राहिली होती. राजाला जेन्शियन ही वनस्पतीही औषधात दिली जात होती, आणि लघवीचा निळसर रंग तिच्यामुळेही आलेला असू शकतो.

रामानुजन कट्टर शाकाहारी, स्वतः रांधून खाणारे, कामात गढले की जेवणाची वेळ चुकवणारे. त्यात महायुद्धाने जिन्नस मिळेनासे केलेले. जीवनसत्त्वांची कमतरता हे कारणही त्यांच्याबाबत सुचवलं गेलं आहे. ते यादीत असावं. पण ते रोज रात्री चढणाऱ्या तापाचा उलगडा करत नाही.

सहावी पायरी: त्या गावचे, त्या काळचे रोग

आता संभाव्य रोगांची यादी. प्रत्येक नावापुढे विचारावं: हा रोग त्या ठिकाणी त्या काळी होता का, आणि त्या वयाच्या माणसात किती आढळे?

इथे तज्ज्ञाचा धोका आहे. सिकंदर इसवी सन पूर्व 323 मध्ये बॅबिलोनला तापाने गेला. आपल्या हाती असलेली मुख्य वर्णनं प्लुटार्क आणि एरियन यांची, म्हणजे चारशे वर्षांनंतरची, जुन्या नोंदींवर बेतलेली. त्याच मूठभर ओळींवरून विषमज्वर, हिवताप, वेस्ट नाईल विषाणूचा मेंदूज्वर, दारूने बिघडलेलं यकृत, विष आणि गियां-बारे हा मज्जातंतूंचा विकार, एवढी निदानं झाली आहेत. ज्याचा जो विषय, त्याला तो दिसला. म्हणून सुरुवातीला सगळ्या रोगांशी रोज गाठ पडणारा फिजिशियन सोबत घ्यायला सांगितलं. त्याला रोग्याचं नावही सांगू नये; टिपण द्यावं आणि ‘तिशीच्या आसपासचा पुरुष, तमिळ प्रांतातून इंग्लंडला आलेला’ एवढंच म्हणावं.

आमांशाचा अमीबा तेव्हाच्या मद्रासेत घरोघरी होता. तो आतड्यात वर्षानुवर्षं दबा धरून राहू शकतो आणि यकृतात गेला की ताप, घाम, झीज, उजव्या बरगडीखाली दुखणं सुरू होतं. त्या वेळी हगवण असेलच असं नाही. तरुण पुरुषांत यकृताचं गळू बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. रामानुजन यांचं वय, गाव आणि 1906 ची नोंद तिन्ही या बाजूने बोलतात.

सातवी पायरी: उलटतपासणी

या पायरीवर जितका वेळ जाईल तितका थोडाच. यादीतल्या प्रत्येक रोगाला दोन प्रश्न विचारावेत. हा रोग असता तर काय दिसायला हवं होतं आणि दिसलं नाही? आणि हा रोग असता तर आजार या वेगाने, या क्रमाने चालला असता का?

दुसरा प्रश्न फार धारदार आहे. बॅटी शॉ यांना वाटलं की जुनी शस्त्रक्रिया प्रत्यक्षात कर्करोगाची असावी आणि तो आता यकृतात पसरला असावा. पण सहा महिने गेले तरी रोगी आणखी ढासळला नाही, आणि त्यांनी स्वतःच तो तर्क सोडला. नवी चाचणी नाही, यंत्र नाही. फक्त दिनदर्शिका पुरली. आपल्या हातात तर संपूर्ण दिनदर्शिका आहे, शेवटच्या दिवसापर्यंत.

आता स्वतःला पटलेल्या रोगाचीही तशीच झडती घ्यावी. यकृताच्या गळूविरुद्ध मला तीन गोष्टी दिसतात. एक, 1906 आणि 1917 मधे 11 वर्षांचं अंतर आहे. ते अशक्य नाही, पण बरंच लांब आहे. दोन, उपचार न झालेलं गळू तीन वर्षं चालणं सहसा पाहायला मिळत नाही. मधे उतार पडून ते पुन्हा पुन्हा उसळलं असं धरावं लागतं. तीन, आणि ही मला सगळ्यांत जड वाटते: इंग्लंडमधल्या डॉक्टरांना हा रोग सुचला नसेल हे समजू शकतं, पण 1919 मध्ये ते मद्रासला परतले. तिथल्या डॉक्टरांना यकृताचं गळू नित्याचं होतं, तरी त्यांनीही उपचार क्षयाचेच केले. इंग्लंडहून आलेल्या निदानाचा प्रभाव त्यांच्यावर पडला असेल का? शक्य आहे. पण ‘शक्य आहे’ हा पुरावा नाही, म्हणून तिसरा मुद्दा वहीत तसाच राहू द्यावा.

क्षयाच्या बाजूचीही आठवण ठेवावी. तो फुप्फुसातच असतो असं नाही. पोटाचा, आतड्याचा, हाडांचा क्षय खोकल्याशिवाय माणसाला खंगवतो. यंग यांच्या निदानापुढे हा प्रतिस्पर्धी अजून उभा आहे, असं माझं मत आहे.

आठवी पायरी: केस, हाडं, अवशेष

रामानुजन यांच्याबाबतीत तपासायला काही उरलेलं नाही. जिथे उरलं आहे तिथे पहिला प्रश्न हवा: हे त्याच माणसाचं आहे कशावरून? संगीतकार बेथोव्हेन 1827 मध्ये व्हिएन्नात वारला. त्याची म्हणून जपलेली केसांची एक बट तपासून तिच्यात शिसं सापडलं आणि शिशाच्या विषबाधेवर पुस्तकं झाली, लेख झाले. 2023 मध्ये त्याच्या नावाच्या आठ बटांचा डीएनए तपासला गेला. शिशाची ती प्रसिद्ध बट एका बाईची निघाली. पाच बटा एकाच पुरुषाच्या आणि बहुधा खऱ्या ठरल्या. त्यांतून यकृताच्या रोगाचा आनुवंशिक धोका आणि हिपॅटायटिस बी च्या विषाणूचा अंश मिळाला. त्याच्या बहिरेपणाचं कारण मात्र मिळालं नाही. पुढच्याच वर्षी खऱ्या बटांमध्येही भरपूर शिसं आढळलं, पण तेवढ्याने तो मेला असं म्हणता येत नाही, हे संशोधकांनी स्पष्ट केलं.

दुसरा प्रश्न: तुलनेला कोण आहे? नेपोलियनच्या केसांत आर्सेनिक सापडलं तेव्हा सेंट हेलेनावर त्याला विष घातल्याचा बोभाटा झाला. 2008 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी त्याचे लहानपणचे केस, त्याच्या मुलाचे आणि पहिली पत्नी जोसेफिन हिचेही केस तपासले. सगळ्यांत आर्सेनिक आजच्या मानाने कितीतरी जास्त होतं आणि त्यांच्यात फारसा फरक नव्हता. त्या काळी ते घराघरांत मुरलेलं होतं. शवविच्छेदनात दिसलेला जठराचा रोग मग पुन्हा पुढे आला.

आणि जे उघडल्याने बिघडेल ते उघडू नये. संगीतकार शोपॅंचं हृदय वॉर्साच्या चर्चमध्ये काचेच्या भांड्यात आहे. 2014 मध्ये ते भांडं न उघडता बाहेरूनच पाहिलं गेलं, आणि त्यावरूनही हृदयाच्या आवरणाच्या क्षयाचं निदान मांडता आलं.

नववी पायरी: अधिकार

मेलेल्या माणसाच्या शरीराची चर्चा करण्याचा आपल्याला हक्क काय, हा प्रश्न टाळू नये. बेथोव्हेनने 1802 मध्ये भावांना उद्देशून लिहिलेल्या मृत्युपत्रात आपल्या मरणानंतर डॉक्टरांनी आपल्या रोगाचं वर्णन लिहावं, अशी इच्छा व्यक्त केली होती. त्याचा आजार शोधणं म्हणजे त्याचंच काम पुढे नेणं. बाकीच्यांनी अशी परवानगी दिलेली नाही. तिथे माझा नियम एवढाच: प्रश्नाला उपयोगी नसलेली खासगी गोष्ट लिहू नये. मनोविकाराचं नाव तर कागदांवरून देऊच नये. रामानुजन यांचा 1918 चा प्रयत्न हा ताप, एकटेपणा, थंड आरोग्यधामं आणि युद्धाचा काळ यांच्या संदर्भात घटना म्हणून नोंदवावा. त्यावर रोगाचा शिक्का मारू नये.

दहावी पायरी: निष्कर्षाची नोंद

शेवटची नोंद एका परिच्छेदात लिहावी आणि प्रत्येक विधानाला चारपैकी एक दर्जा द्यावा: नक्की, बहुधा, शक्य, असंभव. रामानुजन यांची माझी नोंद अशी आहे:

‘1917 ते 1920 दीर्घ ताप आणि झीज: नक्की. 1906 मध्ये आमांश: नक्की. तो अमीबाचा होता: बहुधा. अखेरचा आजार यकृतातलं अमीबाचं गळू: शक्य, आणि सुचवलेल्या कारणांत सर्वांत जुळणारं. फुप्फुसाबाहेरचा क्षय: शक्य. यकृतात पसरलेला कर्करोग: आजाराच्या गतीवरून असंभव. केवळ जीवनसत्त्वांची कमतरता: तापामुळे असंभव. मत बदलू शकेल असा पुरावा: आरोग्यधामांतले तापाचे तक्ते, थुंकी किंवा क्ष-किरणांचे अहवाल.’

शेवटच्या ओळीशिवाय नोंद पुरी झाली असं मानू नये. खाली आजची तारीख घालावी, म्हणजे तोवर काय हाती होतं ते पुढच्या वाचणाऱ्याला कळेल.